पावसाची झड आणि माजघरातली आगगाडी

आपल्याकडचा पाऊस कोकणातल्यासारखा चार महिने मुक्कामाला येत नाही. जूनच्या मध्यावर एखादी सर येऊन जाते, मग आठ-आठ दिवस नुसते ढग आणि उकाडा. आणि मग एखाद्या रात्री असा कोसळतो की सकाळी दारातली रोजची वाटसुद्धा ओळखू येऊ नये. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. अशा दिवशी शाळा बंद, रस्ते बंद, खालच्या मजल्यावरचे सामान वर चढलेले, आणि घरातली वडील मंडळी दुधाच्या, पिण्याच्या पाण्याच्या आणि विजेच्या काळजीत. नेमके त्याच वेळी चार-पाच वर्षांचे एखादे मूल आईच्या पदराला धरून विचारते, “आता मी काय करू?”

पत्ते, सापशिडी, कॅरम ह्यांवर ज्यांचे भागते त्या मुलांची फारशी चिंता नाही. त्यांना एक गडी मिळाला की दिवस निघतो. खरा प्रश्न असतो तो दुसऱ्या प्रकारच्या मुलाचा. जे खांबाशी बोलते, उशीला ताप आला म्हणून तिच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवते, जेवायला बसताना शेजारचा पाट कुणा न दिसणाऱ्या पाहुण्यासाठी राखून ठेवते, त्या मुलाचा. अशा मुलाला गुंतवायला काहीतरी सारखे आणून दिले पाहिजे, असा आपला समज असतो. मी जे पाहत आले आहे ते नेमके उलट आहे. त्याला करमणूक पुरवावी लागत नाही. त्याला लागते थोडी जागा, थोड्या निरुपयोगी वस्तू, आणि जवळपास वावरणारे पण मध्ये न पडणारे एखादे मोठे माणूस. यातली तिसरी वस्तू मिळणे सगळ्यांत कठीण.

मध्ये पडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. एक म्हणजे हसणे. दुसरा त्याहून वाईट, तो म्हणजे कौतुक. मूल एकटेच काही पुटपुटत खेळत असते; दारात पाहुणे येतात आणि आपण लगेच म्हणतो, “अरे, तो डॉक्टरचा खेळ काकांना करून दाखव पाहू!” झाले, खेळ तिथेच संपला. आता उरले ते नाटक. आणि ते करायला मूल नाखूश असते म्हणून आपण त्याला लाजाळू ठरवतो. तिसरा प्रकार दुरुस्तीचा. काठीचा घोडा झाला की “घोड्याला चार पाय असतात,” हे सांगणारे कोणीतरी घरात निघतेच.

या दुरुस्तीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. झडीच्या दिवसात आपल्या घरांतून हमखास सुटणारी वस्तू म्हणजे आगगाडी. खुर्च्या, पाट, तक्के एकामागे एक मांडायचे आणि विश्वामित्री, वरणामा, इटोला, मियागाम-करजण अशी स्टेशने घेत निघायचे. आता समजा, एखाद्या मुलाने या गाडीला पुढे बैल जुंपले, तर काय कराल? “आगगाडीला इंजिन असते, बाळ,” असे आपण शहाणपणाने सांगणार. पण बैलांनी ओढलेली रेल्वे आपल्याच राज्यात होऊन गेली आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली, तेव्हा आरंभी तिचे डबे बैल ओढीत असत. हिंदुस्थानातली अरुंद रुळांची ती पहिली रेल्वे. तेव्हा दुरुस्ती करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मुलाला इतिहास ठाऊक नसतो, हे खरे. पण अशक्य काय आणि शक्य काय, याचा आपला हिशेबही काही फार पक्का नसतो.

मूल एकटे बोलते, न दिसणाऱ्या सोबत्याला जेवू घालते, म्हणून काळजीत पडणाऱ्या आयाही मी पाहिल्या आहेत. एकीने तर दृष्ट काढली होती. दृष्ट काढायला माझी ना नाही, पण त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या मार्जरी टेलर यांनी या विषयाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वयाच्या सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना केव्हा ना केव्हा असा कल्पनेतला सोबती होता, असे आढळले. बाहुली किंवा चिंध्यांचे अस्वल यांना जिवंत मानून बोलणारी मुलेही त्यात धरलेली आहेत. त्या मुलांना तो सोबती खरा नाही हे बहुतेक वेळा चांगले माहीत असते. आपण फारच गंभीरपणे चौकशी करू लागलो तर मूलच आपल्याला समजावते, “अगं, ते खोटंखोटं आहे!”

आता जागेविषयी. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इकडच्या जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगावे लागणार नाही. कोनाडे होते, जिन्याखालची खोली होती, माळा होता, फडताळ होते, पागोळ्या पडणारा ओटा होता. मुलाला मोठ्या माणसांच्या नजरेआड पण हाकेच्या अंतरावर राहण्यासाठी ते वाडे जणू मुद्दाम बांधले होते. आताच्या फ्लॅटमध्ये सगळेच उजेडात. तरी एक युक्ती कुठेही चालते. आजीचे जुने नऊवारी लुगडे घ्यावे आणि ते जेवणाच्या टेबलावरून किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवरून सोडावे. नऊ वारांत काय होत नाही? आत एक सतरंजी, एक उशी, एक विजेरी. बस्स. तिथे मग गुहा होते, वाघाचे घर होते, लक्ष्मीविलास राजवाडाही होतो. आत शिरण्याचा आग्रह मोठ्यांनी धरू नये; बोलावणे आले तर रांगत जावे आणि चहा मिळाला तर तो रिकाम्या वाटीतून पिऊन घ्यावा.

वस्तूंच्या बाबतीत आपली अडचण अशी की दुकानातून आणलेली खेळणी बहुधा एकाच कामाची असतात. मोटार ती मोटारच. उलट चिंचोक्यांचा डबा घ्या. ते आज पैसे असतात, उद्या गाई, परवा पंगतीला बसलेली माणसे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी शिंपले, गोटे, बिया, पाने, काटक्या यांतून साधने उभी केली. त्या गरिबीतून आलेल्या युक्तीने आपल्या देशातल्या बालशिक्षणाला एक नवा रस्ताच दाखवला. आपल्या घरात तर या वस्तू आपोआप साठतात. रिकामी रिळे, काड्यापेट्या, लग्नपत्रिकांचे जाड कागद, दोऱ्याचे गुंडे, नारळाची करवंटी, तुटलेल्या कुलपाची किल्ली, सागरगोटे, कवड्या, शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या.

या सगळ्यांची एक पेटी करावी, आणि ती एरवी माळ्यावर ठेवून फक्त पावसाच्या दिवशी खाली काढावी. रोज समोर असलेल्या वस्तूकडे मूल ढुंकूनही पाहत नाही. एकदा उघडलेल्या पेटीतल्या चार वस्तू काढून दुसऱ्या चार घालाव्यात, म्हणजे पुढच्या झडीला ती पुन्हा नवी. यात नवे काही नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालये उभारायला घेतली. त्या योजनेत खेड्यापाड्यांना लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवीत आणि वाचून झाली की पेटी बदलीत. पेटी येणार, ती उघडणार, तीत काय असेल, यात जी मजा त्या खेड्यातल्या वाचकाला असेल तीच घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला असते.

एक सूचना मात्र कडक शब्दांत. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर चिंचोके, मणी, बटणे त्याच्या हाती लागता कामा नयेत. आणि घड्याळातले, रिमोटमधले ते बटणासारखे चपटे सेल कोणत्याही वयाच्या मुलाच्या पेटीत नकोत. ते गिळले गेले तर अन्ननलिका थोड्याच तासांत भाजून निघते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब इस्पितळ गाठावे.

दुपारी पाऊस जोर धरतो आणि खेळही पातळ होत जातो. ही गोष्टीची वेळ. शास्त्रोक्त मॉन्टेसरी पद्धतीत लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या कल्पित गोष्टी सांगण्याला फारसे उत्तेजन नव्हते. मुलाचे पाय आधी वास्तवात घट्ट रोवले जावेत, असा मारिया मॉन्टेसरी यांचा आग्रह होता. गिजुभाई बधेका हे त्यांचे एवढे मोठे अनुयायी. वकिली सोडून बालशिक्षणात पडलेले, १९२० साली भावनगरला बालमंदिर काढणारे. पण या बाबतीत त्यांनी आपली वाट वेगळी धरली. त्यांनी मुलांना पोटभर गोष्टी सांगितल्या, सांगायच्या कशा याचे शास्त्र गुजरातीत लिहून काढले, आणि लोकांच्या तोंडी असलेल्या कहाण्या गोळा केल्या. ताराबाई भावनगरला त्यांच्याच सहकारी होत्या. मला स्वतःला यात गिजुभाईंचेच पटते. आपल्या घरातले मूल वास्तवापासून दूर जाईल अशी भीती बाळगण्याइतके वास्तव आपण त्याला कमी पुरवीत नाही.

पण गोष्टीचे आणखी एक काम आहे, आणि आपल्यासारख्या घरांना ते विसरून चालणार नाही. पाच-सहा पिढ्यांपूर्वी आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले. मराठी टिकली ती दरबारामुळे, शाळांमुळे, नाटकमंडळ्यांमुळे. आज मुलाची शाळा इंग्रजी, अंगण गुजराती, आणि मोबाइलवरची चित्रे हिंदी. मराठीच्या वाट्याला येतात जेवणाच्या वेळचे हुकूम: “चल”, “ऊठ”, “लवकर खा”, “हात धू”. हुकुमांवर भाषा जगते, पण तिला मांस चढत नाही. पावसाच्या एका लांबलचक दुपारी, झोपाळ्याच्या कुरकुरीच्या तालावर, आजी जेव्हा गोष्ट सांगते तेव्हा मुलाच्या कानावर असे शब्द पडतात जे एरवी वर्षभरात पडले नसते. सर, झड, रिपरिप, भुरभुर, उघडीप, वळचण, ओल, चिखल, राड, डबके, ओघळ. यातला पागोळी हा शब्द तर मी मरणपंथाला लागलेला समजत होते, कारण फ्लॅटला वळचणच नाही. परवा एका मुलीने वातानुकूलन यंत्राच्या पेटीवरून ठिबकणाऱ्या धारेला पागोळी म्हटले. शब्दाला घर मिळाले. कोशकार काही म्हणोत.

तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचा कंटाळा करू नये. मुलाला ती पाठ असते, म्हणून तर ती हवी असते. चुकून शब्द बदलला तर ते तुम्हाला अडवते, आणि अडवते मराठीत.

शब्द आणि खेळ मिळून काय करू शकतात, हे माझ्या परिचयाच्या एका घरात मी पाहिले. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला. काठच्या वसाहती पाण्यात बुडाल्या, कित्येक घरांत दोन-तीन दिवस वीज नव्हती, आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर आणि घरांच्या आवारांत आल्या. हे घर पहिल्या मजल्यावरचे. खाली पाणी, आणि मोठ्यांच्या तोंडी सारखा मगरींचा विषय. पाच वर्षांचा मुलगा दोन रात्री झोपेना. तो सारखा जिन्याकडे पाही. शेवटी त्याने विचारले, “आजी, ती जिना चढून येईल का गं?”

आजीने आधी त्याला बोटाला धरून जिन्याचे दार दाखवले, कडी लावलेली दाखवली, कुलूप ओढून पाहायला लावले. खरे उत्तर आधी दिले. आणि मग म्हणाली, “आणि आलीच तर दमून येईल बिचारी. पाट मांड, तांब्याभांडं ठेव. आल्या-आल्या म्हणायचं, सुसरबाई, तुझी पाठ मऊ!” मुलाला तो शब्दच नवा होता. सगळा गाव मगर म्हणत असताना ही सुसर कोण? थोड्या वेळाने लोड जमिनीवर आडवा झाला, त्याला चिमट्याचे तोंड आले, आणि सुसरबाईंचा पाहुणचार सुरू झाला. पहिल्या दिवशी ती दोनदा चावली. दुसऱ्या दिवशी तिला पिल्ले झाली आणि पाणी ओसरेपर्यंत ती सगळी पलंगाखाली राहिली. त्या रात्री मुलगा झोपला. (प्राणिशास्त्राच्या हिशेबाने विश्वामित्रीतली ती मगर; सुसर म्हणजे लांब, निमुळत्या तोंडाची. पण आजीच्या म्हणीत मगर घातली असती तर म्हण बुडाली असती.)

“मगरबिगर काही येत नाही, झोप आता,” असे त्याला दोन दिवस चौघांनी सांगितले होते. त्याचा उपयोग झाला नव्हता. भीतीला त्याने स्वतःच पाटावर बसवले आणि वाढले, तेव्हा ती आटोक्यात आली. पोरखेळ म्हणून आपण ज्याला हसतो त्यात मूल असे काही उरकून घेत असते.

वीज गेली की पुष्कळ घरांत हळहळ होते. मला मात्र तो मुहूर्त वाटतो. मेणबत्ती उंच, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, किंवा विजेरीच घ्यावी, आणि पांढऱ्या भिंतीवर हातांच्या सावल्या पाडाव्यात. ससा, हरीण, भुंकणारा कुत्रा, उडता पक्षी हे चार प्राणी घरातल्या प्रत्येकाला येतातच. हात दिव्याजवळ नेला की ससा हत्तीएवढा आणि धूसर होतो. भिंतीजवळ नेला की लहान आणि रेखीव. हे सांगू नये. मुलाला ते सापडते, आणि सापडले की ते सगळ्यांना ओरडून सांगते.

अंगातली रग जिरवण्याचाही विचार हवा. कल्पनाळू मूल म्हणजे एका जागी बसणारे मूल, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० चांगली दमवणारी. आणि बसून पडद्याकडे पाहणे एका तासाहून जास्त नको, कमी तेवढे बरे. पावसात कोंडलेल्या घरात हे जमवायचे कसे? आपल्याकडे त्याची सोय केव्हाच करून ठेवलेली आहे. मंगळागौरीचे खेळ हे श्रावणातल्या पावसात, घरातल्या घरात, थोड्या जागेत दमण्यासाठीच तर आहेत. फुगडी, झिम्मा, पिंगा, काथवटकाणा. मुलग्यांनी ते खेळू नयेत असे कुठेही लिहिलेले नाही.

मोबाइल दिल्याने मूल शांत होते, हे कोण नाकारील? पुराच्या दिवशी आई-बापांना तासभर हवाच असेल तर द्यावा आणि अपराधी वाटून घेऊ नये. फक्त एवढे पाहावे की तो “कंटाळा आला” या वाक्याचे उत्तर म्हणून हाती येऊ नये. ते वाक्य ऐकले की मी काहीच करीत नाही. कणीक मळत असले तर मळत राहते. फार तर एक गोळा तोडून बाजूला ठेवते. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटे कुरकुर चालते आणि मग त्या गोळ्याची चिमणी झालेली असते.

कणकेवरून आठवले. आषाढी अमावास्येला, दिव्यांच्या आवसेला, आपल्याकडे कणकेचे गोड दिवे उकडतात. त्या दिवशी मुलाला एक पाट आणि एक गोळा स्वतंत्र द्यावा. त्याचा दिवा वाकडा झाला तरी तो उकडावा आणि पानात त्यालाच वाढावा. शेजारच्या गुजराती मुली त्याच महिन्यात गौरीव्रतासाठी मातीच्या भांड्यात गव्हाचे जवारे पेरतात. त्यांच्याकडून मूठभर गहू आणि युक्ती उसनी घ्यावी. ओल्या हवेत दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्यात हिरवे रान उभे राहते. त्या वीतभर रानात मग कोण राहते, वाघ का राक्षस का आगगाडीचे स्टेशन, हे मूल ठरवील. रोज सकाळी उठून पाहण्यासारखे काहीतरी त्याला मिळाले, म्हणजे “पाऊस कधी थांबणार?” हा प्रश्न चार दिवस तरी लांबतो.

संध्याकाळी आवराआवरीची वेळ येते, तेव्हा पुष्कळ घरांत रडारड होते. आगगाडी मोडून खुर्च्या जागेवर न्यायच्या असतात, लुगड्याची घडी करायची असते. सगळे पूर्ववत करण्याची घाई नसेल तर एक कोपरा तसाच रात्रभर राहू द्यावा, आणि कोणता तो मुलाला विचारावा. गाडी इटोल्याला थांबली आहे, ती सकाळी सुटेल, एवढ्यावर मूल समाधानाने जेवायला येते.

राहता राहिली होडी. साचलेल्या पाण्यात मुलाला उतरवू नये. त्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते, उघडी झाकणे दिसत नाहीत, विजेच्या तारेचा भरवसा नसतो. माजघरात किंवा गॅलरीत मोठी परात मांडून तीत दोन तांबे पाणी ओतावे. होडीला वर्तमानपत्राचे अर्धे पान पुरते. पूर्ण पान घेतले तर ती ऐटदार होते, पण पाणी पिऊन लवकर बसते. मात्र पान फाडण्यापूर्वी घरातल्या आजोबांचे वाचून झाले आहे ना, तेवढे विचारून घ्यावे.